हेल्मेटमधील स्पीकर : गुलमर्गला निघण्यापूर्वी वाचावे

आमच्याकडून स्कीइंगचे किंवा स्नोबोर्डिंगचे सामान भाड्याने घेणारे बरेच ग्राहक हल्ली हेल्मेटमध्ये गाणी ऐकण्याचे स्पीकर बसवून मिळतील का, असे विचारतात. मिळतील. मात्र ते कुठे लावावेत आणि कुठे बंद ठेवावेत याविषयी आमची मते ठाम आहेत, आणि ती बर्फावर उभे राहून सांगण्यापेक्षा पुण्यातच सांगितलेली बरी, म्हणून हे पत्रक हेल्मेटसोबत देत आहोत.

हे स्पीकर म्हणजे साधारण चार सेंटिमीटर व्यासाच्या दोन चपट्या चकत्या असतात. हेल्मेटच्या कानांवरील मऊ गादीला आतून खिसा असतो, त्यात त्या सरकवायच्या आणि फोनला ब्लूटूथने जोडायच्या. कानात खोचायच्या इअरफोनप्रमाणे त्या कानाचे भोक बंद करत नाहीत, त्यामुळे बाहेरचे आवाज थोडेफार ऐकू येत राहतात. इअरफोनऐवजी आम्ही या चकत्या देतो, त्याचे कारण एवढेच आहे. स्कीच्या हेल्मेटांसाठी असलेल्या ईएन १०७७ या युरोपीय मानकात दोन वर्ग आहेत. त्यांपैकी ‘ए’ वर्गात कानांनाही संरक्षण असते, तर ‘बी’ वर्गात कानांवर मऊ गाद्या चालतात. आम्ही देतो ती हेल्मेटे ‘बी’ वर्गातील आहेत. चकती बसवल्यावर पट्टा आवळून मान जोरात हलवून पाहावी. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली, तर हेल्मेट नीट बसले असे समजावे. चकती कानाला टोचत असेल, तर पट्टा सैल करू नये, चकतीच काढून टाकावी. घरून आग्रहाने दिलेली माकडटोपीही हेल्मेटखाली घालू नये, कारण तिच्या जाडीमुळे हेल्मेट डोक्यावर नुसते ठेवल्यासारखे राहते.

आता मुख्य मुद्दा. उतारावर पुढे असलेल्याला वाट देण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची असते, हा आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या आचारनियमांतील एक महत्त्वाचा नियम आहे, आणि त्याच्या भरवशावर कान बंद ठेवायला हरकत नाही असे काहींना वाटते. परंतु गुलमर्गच्या शिकाऊ उतारावर फक्त स्कीवालेच नसतात. तिथे दोन-दोन पर्यटकांना बसवून स्लेज ओढणारे असतात, भाड्याचे लांब कोट आणि गमबूट घालून फोटो काढणारी कुटुंबे असतात, आणि यांपैकी कोणीही ते नियम वाचलेले नसतात. मागून “साइड, साइड” अशी हाक येते तेव्हा ती पहिल्यांदाच ऐकू आली पाहिजे. स्नोबोर्डवाल्यांना तर हे दुप्पट लागू आहे, कारण फळीवर आडवे उभे राहिल्यामुळे त्यांच्या पाठीकडचा उतार त्यांना दिसतच नाही, आणि त्या बाजूची खबर द्यायला कानच उरतात. शिवाय बर्फ स्वतः बोलतो. ताज्या भुसभुशीत बर्फावर स्की जवळजवळ निःशब्द जाते आणि कडक थरावर तिची कड खरवडल्यासारखी वाजते. तो आवाज ऐकूनच सवयीचा माणूस पुढच्या वळणाला वजन किती टाकायचे ते ठरवतो. म्हणून पहिले तीन दिवस, इन्स्ट्रक्टरच्या सूचना चालू असेपर्यंत, आम्ही चकत्या बसवून देत नाही.

त्यानंतर एकाच कानाला चकती लावावी, दुसरा मोकळा ठेवावा. आवाज उभ्याने ठरवावा, धावताना नव्हे, कारण वेगात वारा कानांवर आदळतो आणि त्याच्यावर मात करण्यासाठी हात आपोआप आवाज वाढवत जातो. शेजारी उभा असलेला सोबती साध्या सुरात बोलला आणि कळले नाही, तर आवाज जास्त आहे.

फोनवर येणारे कॉल उतारावर बंद ठेवावेत. मागच्या हंगामात आमच्या गटातील एक गृहस्थ आईचा फोन आला म्हणून एका उंचवट्याच्या खाली, वरून येणाऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी थांबले, आणि फोन काढताना त्यांचा हातमोजा घरंगळत खाली गेला. तो मिळाला. वरून त्या वेळी कोणी आले नाही, हे नशीब.

गंडोलाच्या, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने ३,९०० मीटरच्या वर, अफरवाट शिखराकडे जाणार असाल, तर चकत्या खाली हॉटेलातच ठेवाव्यात. यात आम्ही सवलत देत नाही. हिमस्खलनाच्या प्रदेशात बर्फाचा आतला कमकुवत थर खचताना कधी कधी ‘धप्प’ असा दबका आवाज येतो, आणि तो परत फिरण्याचा इशारा असतो. तिथे बर्फाखाली गाडला गेलेला माणूस सापडावा म्हणून अंगावर बांधायचे शोधयंत्र ४५७ किलोहर्ट्झवर चालते. फोन आणि तत्सम उपकरणे त्यापासून एरवी निदान २० सेंटिमीटर आणि शोध चालू असताना निदान ५० सेंटिमीटर दूर असावीत, असा संकेत आहे. खाली वाकून शोध घेणाऱ्याच्या डोक्यातच स्पीकर असेल, तर ते अंतर कसे राखणार?

थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावा. गोठणबिंदूखाली चार्जिंग केल्यास लिथियम बॅटरी कायमची बिघडते, म्हणून खोलीत आल्यावर चकत्या आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात, बुखारीवर (खोली तापवण्याच्या शेगडीवर) मात्र ठेवू नयेत. महाराष्ट्रातील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे गाणी निघण्यापूर्वीच फोनमध्ये उतरवून घ्यावीत.

परत करताना चकत्या हेल्मेटमधून काढून कोरड्या फडक्यात गुंडाळून द्याव्यात; ओल्या गादीत राहिलेल्या चकत्या गंजतात, आणि त्यांची किंमत अनामत रकमेतून वळती करावी लागते.