खेड्यातला लाल टेलिफोन बूथ: के २ की के ६?

इंग्लंडच्या एखाद्या खेड्यात जपलेल्या लाल टेलिफोन बूथच्या फोटोखाली ‘के २’ असं लिहिलेलं वारंवार दिसतं. के २ आणि के ६ ही या बूथच्या दोन मॉडेलांची नावं; ‘के’ म्हणजे किऑस्क. तो जवळजवळ नेहमीच के ६ असतो.

दोन्हींचा आराखडा वास्तुविशारद सर गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांचा. दोन्ही बिडाचे, दार सागवानी. के २ आला १९२६ मध्ये. वजन सव्वा टन, किंमतही भारी, त्यामुळे तो मुख्यतः लंडनपुरताच राहिला. के ६ राजा पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवासाठी १९३५ मध्ये आखला गेला. वजन साधारण पावणेसातशे किलो. त्याच निमित्ताने, पोस्ट ऑफिस असलेल्या प्रत्येक गावाला खर्च न बघता बूथ द्यायचं ठरलं, म्हणून खेड्यांत के ६ दिसतो. तो सुमारे फूटभर बुटका आहे, पण फोटोवरून उंचीचा अंदाज बांधू नका.

खरा घोटाळा बूथच्या माथ्यावरच्या राजमुकुटाच्या चिन्हाचा. ट्यूडर आणि सेंट एडवर्ड ही त्या मुकुटाच्या दोन आकारांची नावं. ‘ट्यूडर मुकुट दिसतोय, म्हणजे जुना, म्हणजे के २’ हे तर्कट साफ चूक आहे. ट्यूडर मुकुट दोन्हींवर आहे. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथने सेंट एडवर्डचा मुकुट निवडला, तोवर के ६ वरही ट्यूडरच असे. १९५५ पासून मुकुटाची पट्टी वेगळी ओतून खाचेत बसवू लागले, कारण स्कॉटलंडला स्वतःचा मुकुट हवा होता. थोडक्यात, मुकुटाच्या आकारावरून के ६ १९५३ च्या आधीचा की नंतरचा एवढंच कळतं.

बघायचं ते मुकुट घडवलाय कसा. के २ वर तो आरपार भोकांचा असतो, कारण त्यातूनच आत हवा खेळते. के ६ वर तो नुसता उठावाचा. मात्र वर्षानुवर्षांच्या रंगाच्या थरांनी के २ ची भोकं बुजतात आणि तोही उठावाचा वाटायला लागतो. अशा वेळी दाराची तावदानं मोजा. के २ ला सारख्या मापाची तीन-तीन, सहा ओळींत, एकूण १८. के ६ ला आठ ओळी, मधलं तावदान रुंद, कडेची दोन अरुंद, एकूण २४. दुरुस्तीसाठी काच मागवण्याआधी हे पाहिलं नाही, तर चुकीच्या मापाच्या काचा गळ्यात पडतात.

आणि मुकुटाला सोनेरी रंग देऊन त्याला ‘मूळ रूप’ म्हणू नका. मुकुट मुळात लालच होते, सोनेरी रंग बराच नंतर आला. जुना रंग काढताना कोरडं घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पृष्ठभाग ओला ठेवून खरवडा.