किलीमच्या गाठी मोजू नका

इस्तंबूलच्या सुलतानअहमत भागात, निळ्या मशिदीच्या खर्चासाठी भाडे मिळावे म्हणून तिच्याच आवारात बांधलेल्या आरास्ता बाजारात, सफरचंदाच्या चहाचा पेला हातात धरून बसलेली आपली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : ‘‘या किलीममध्ये चौरस इंचाला गाठी किती?’’ दुकानदार हसतो आणि एखादा भारदस्त आकडा सांगून मोकळा होतो, कारण समोरच्याला आकडाच हवा असतो. खरे उत्तर शून्य आहे. गाठी असतात त्या गालिच्याला, ज्याला तुर्की भाषेत हाली म्हणतात. किलीम म्हणजे लव नसलेले सपाट विणीचे जाजम; ते विणताना कोणी एकही गाठ मारत नाही. तरीही परत आल्यावर दोन्हींना सरसकट ‘टर्किश कार्पेट’ म्हटले जाते आणि किलीम म्हणजे झिजून पातळ झालेला किंवा गरिबाला परवडणारा गालिचा, असा समज पुढच्या प्रवाशाच्या गळ्यात बांधला जातो.

गालिचा आपल्या परिचयाचा असल्यामुळे त्याविषयी थोडक्यात सांगतो. उभ्या ताण्याच्या दोन-दोन धाग्यांभोवती लोकरीचा किंवा रेशमाचा तुकडा गुंडाळून गाठ मारायची, एक ओळ झाली की आडवा बाणा घालून ठोकायचा आणि गाठींची वर आलेली टोके कातरायची, म्हणजे मऊ लव तयार होते. नक्षी असते ती या लवेत. ताणा आणि बाणा तिला फक्त धरून ठेवतात. १८४३मध्ये सुरू झालेल्या हेरेके या गावच्या शाही कारखान्याच्या परंपरेतील रेशमी गालिच्यात एका चौरस सेंटिमीटरमध्ये शंभर गाठी असतात, त्यामुळे तिथे गाठींचा हिशेब मागणे रास्त आहे. ‘तुर्की गाठ दुहेरी, म्हणून दुप्पट टिकाऊ’ हे विक्रेत्यांचे आवडते पालुपद मात्र एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यावे, कारण ज्यांची गाठ एकेरी म्हणून हिणवली जाते ते इराणी गालिचेही शतकानुशतके टिकलेले आहेत.

किलीम समजून घ्यायचा तर आपल्या घरातली सतरंजी आठवावी. तिच्यात लव नसते, गाठ नसते. आडवा बाणा इतका दाबून ठोकलेला असतो की ताणा दिसतच नाही आणि जो रंग दिसतो तो बाण्याचा असतो. इथवर किलीम आणि सतरंजी सख्ख्या बहिणी आहेत. फरक पडतो तो पट्ट्यांच्या सतरंजीपासून पुढे नक्षीकडे जाताना. पट्ट्यांच्या सतरंजीत लाल बाणा या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि तो पट्टा संपला की निळा सुरू होतो. किलीममध्ये मात्र लाल बाणा त्याच्या आकृतीच्या हद्दीपर्यंतच जातो आणि तिथून मागे वळतो. शेजारचा निळाही त्याच हद्दीपर्यंत येऊन उलट फिरतो. दोघेही आपापल्या शेवटच्या ताण्याला वळसा घालतात, एकमेकांत गुंतत नाहीत, आणि हद्द सरळ उभी असेल तर त्या दोन ताण्यांच्या मध्ये एक बारीक उभी चीर राहते. किलीम खिडकीशी धरला तर या चिरांमधून उजेड दिसतो.

बहुतेकांची फसगत होते ती या चिरेपाशी. उत्तम किलीम ‘फाटका’ म्हणून बाजूला सारणारे गिऱ्हाईक मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्या मावसबहिणीने तर ठाण्यातल्या शिंप्याकडून आपल्या किलीमच्या सगळ्या चिरा हौसेने शिवून घेतल्या. परिणामी विणीचा ताण बिघडला, जागोजागी चुण्या पडल्या आणि जमिनीवर सपाट बसणारी वस्तू पापडासारखी फुगली. पुढे ब्लेडने एकेक टाका उसवण्यात आमची एक अख्खी दुपार गेली. तुर्की विणकर या चिरेला ‘इलिक’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ आहे काज, म्हणजे शिंपी बटणासाठी करतो ते काज! ते बुजवायला आपण शिंप्याकडेच गेलो होतो, हे तिला मी अजून सांगितलेले नाही.

या काजामुळेच किलीमची नक्षी तशी दिसते. उभी हद्द लांबली तर चीर लांबते आणि कापड दुबळे होते, म्हणून विणकर स्त्री दर काही ओळींनंतर हद्द एका-दोन ताण्यांनी सरकवत नेते आणि पायऱ्यापायऱ्यांची तिरकी रेघ तयार होते. किलीमवरचे त्रिकोण, शंकरपाळे आणि करवतीच्या दात्यांसारखे काठ प्रामुख्याने याच हिशेबातून आलेले आहेत. वेलबुट्टीची नाजूक वळणे गालिच्याला साधतात, कारण तिथे एकेक गाठ स्वतंत्र रंगाची घेता येते. कमरेवर हात ठेवलेल्या स्त्रीची ‘एलिबेलिंदे’ किंवा मेंढ्याच्या शिंगांची ‘कोचबोयनुझू’ ही आकृत्यांची नावे गोड आहेत, परंतु दुकानात प्रत्येक त्रिकोणामागे जी लग्नाची, विरहाची आणि दृष्ट लागल्याची कथा ऐकवली जाते, तिचे पैसे मी तरी मोजणार नाही.

सगळे सपाट ते किलीम, असेही नाही. जिजिम आणि सुमाक या विणींत नक्षीसाठी जादा धागा घालतात किंवा ताण्यांभोवती गुंडाळतात, त्यामुळे मागच्या बाजूला धाग्यांची टोके लोंबताना दिसतात. (मसाल्याचा सुमाक वेगळा.) किलीम मात्र दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रावरची नक्कल ओळखायची असेल तर आधी झालर पाहावी : हातमागाच्या वस्तूची झालर म्हणजे ताण्याचीच टोके असतात, तर नकली वस्तूला ती बहुधा वरून शिवलेली असते.

खरेदीआधी हिप्पोड्रोम या प्राचीन रथशर्यतींच्या मैदानाच्या काठावरील इब्राहिम पाशाच्या महालात, म्हणजे तुर्की व इस्लामी कला संग्रहालयात, एक तास काढावा, असा माझा आग्रह आहे. कोन्या शहरातल्या अलाएद्दिन मशिदीतून आणलेले, सेल्जुक राजवटीतील १३व्या शतकाचे गालिचे या संग्रहालयाच्या मालकीचे आहेत, आणि खरी हातगाठ जवळून पाहिलेला माणूस बाजारात सहसा बावचळत नाही. त्यानंतर हवे तर कापालीचार्शी या छताखालच्या जुन्या बाजारातील हालीजिलार रस्त्यावर जावे, पण रविवारी नव्हे, कारण त्या दिवशी तो बाजार बंद असतो. पुराणवस्तू देशाबाहेर नेण्यास तुर्कस्तानात कायद्याने बंदी आहे, म्हणून कोणी किलीम फार जुना असल्याचे सांगू लागला तर तो नेता येईल असा संग्रहालयाचा दाखला मागावा. मी तो मागितला तेव्हा शंभर वर्षांचा किलीम चहा संपेपर्यंत चाळिशीवर आला होता.