ट्रॅक-कारच्या शॉकअपवरचे नॉब आले कुठून?

फक्त ट्रॅकवर पळवायची गाडी बांधायला घेतली की टायर आणि ब्रेक-पॅडनंतर पैसा ओतला जातो तो सस्पेन्शनमध्ये. तिथे पहिलाच प्रश्न समोर येतो: वन-वे घ्यायचं, टू-वे की थ्री-वे? म्हणजे शॉकअपवर जुळवाजुळवीचे नॉब किती हवेत? नॉबागणिक किंमत चढते, त्यामुळे जास्त नॉब म्हणजे जास्त चांगला माल असा समज घट्ट बसला आहे. या समजापायी भरपूर पैसे वाया जाताना दिसतात. यातला प्रत्येक नॉब कुठल्या ना कुठल्या ठरावीक अडचणीवर उपाय म्हणून आला. ती अडचण आपल्या गाडीला आहे का, हे कळायचं तर थोडं मागे जावं लागतं.

पहिल्या मोटारींना घोडागाडीचेच पाटे होते. पाट्यांची पानं एकमेकांवर घासायची, तेवढाच काय तो उसळीला लगाम. फ्रान्समधल्या त्रुफो याने घर्षणावर चालणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बर काढला आणि १९०४ च्या सुमारास एडवर्ड हार्टफर्ड याने तो अमेरिकेत बाजारात आणला. दोन लोखंडी पट्ट्या, त्यांच्यामध्ये लाकडाच्या किंवा चामड्याच्या चकत्या आणि मधोमध आवळायचा नट, एवढंच ते यंत्र. बुगाटीच्या टाइप ३५ वर हेच होते. नट आवळला की गाडी कडक, सैल केला की मऊ. जुळवता येणारं सस्पेन्शन ते इतकं जुनं आहे. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये ‘टेलिकंट्रोल’ नावाची सोय आली, तिच्यामुळे चालकाला बसल्या जागेवरून या चकत्यांवरचा दाब बदलता येऊ लागला.

घर्षणाचा दोष असा की चाक सावकाश हलो की झटक्यात, विरोध जवळपास तेवढाच राहतो. नट आवळावा तर बारीक खडबडीवर चाक हलत नाही, आणि सैल ठेवावा तर मोठी उसळी आवरत नाही. तेलाने हे कोडं सोडवलं. बारीक भोकातून तेल ढकलायचं म्हटलं की वेग वाढेल तसा विरोधही वाढतो. मोरिस उदाय या फ्रेंच माणसाच्या दांड्याच्या डॅम्परांनी (डॅम्पर म्हणजे शॉकअपच) हेच तत्त्व वापरलं आणि १९२० च्या दशकाअखेरीस ते फोर्डच्या मॉडेल ए पर्यंत पोचले.

त्याच सुमारास डॅम्परइतकाच महत्त्वाचा धागा मॉरिस ऑली याच्या हाती लागला. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये आलेल्या या इंजिनियराने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला गाडीच्या दोन्ही टोकांना वजनं सरकवून प्रयोग केले. पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडी संथ डोलली तर प्रवास सुखाचा होतो, हे त्याने दाखवलं. सुखाचा मुद्दा ट्रॅकवर फारसा उपयोगाचा नाही, पण स्प्रिंगबद्दल सेकंदाला होणाऱ्या डोलांच्या हिशेबात, म्हणजे हर्ट्झमध्ये, बोलायची सवय त्या काळातली. आजही स्प्रिंग निवडताना सुरुवात तिथूनच करावी. एक उदाहरण बघा. एका चाकावर गाडीचं २५० किलो वजन आहे, स्प्रिंग मिलिमीटरला ५० न्यूटनची आहे आणि चाक १० मिमी हललं तर स्प्रिंग ७ मिमी दबते. ०.७ चा वर्ग ०.४९, म्हणून चाकाला जाणवणारी स्प्रिंग २४.५ न्यूटनचीच. वारंवारता येते सुमारे १.६ हर्ट्झ, जी रस्त्यावरच्या स्पोर्टी गाडीची झाली. स्प्रिंग दुप्पट केली तर ती सुमारे २.२ वर जाते, दुप्पट होत नाही. ट्रॅकवरच्या, पंख-बिंख नसलेल्या गाडीला साधारण २ ते २.५ पुरते. डॅम्पर त्यानंतर, त्या स्प्रिंगला शोभेल असा.

आता नॉबाची खरी गोष्ट. नेदरलँड्समधली कोनी ही कंपनी १८५७ पासून घोड्यांचा साज बनवत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने जुळवता येणारे टेलिस्कोपिक, म्हणजे नळीत रॉड सरकणारे शॉक अ‍ॅब्झॉर्बर काढले, तेव्हा मुख्य विचार होता झिजेचा. वापराने आतले भाग झिजतात, विरोध कमी पडतो. मग फेकून देण्याऐवजी थोडा आवळून पुन्हा वापरा. हे आवळणं कसं होतं ते पाहण्यासारखं आहे. शॉकअप गाडीवरून उतरवायचा, बंप-स्टॉपचं रबर काढायचं, रॉड पूर्ण खाली दाबायचा आणि हलके हलके फिरवत राहायचं. तळाच्या व्हॉल्व्हमधल्या खाचेत पिस्टनखालचा नट अडकला की हाताला ते कळतं. मग अर्धा फेरा, एक फेरा, जेवढा हवा तेवढा फिरवून रॉड सरळ वर ओढायचा. बदलतो तो फक्त रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उसळताना होणारा विरोध.

रेसवाल्यांनी याच सोयीचा वेगळा उपयोग शोधला. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर तिला आधीसारखंच आवरायला सुमारे १.४ पट डॅम्पिंग लागतं, आणि झिजेसाठी ठेवलेली जागा या कामाला अगदी बरोबर पडत होती. १९६० च्या दशकात कोनी फॉर्म्युला वनच्या अनेक गाड्यांवर दिसू लागले, पुढे बंप (स्प्रिंग दबताना होणारा विरोध) आणि रिबाउंड वेगवेगळे जुळवता येणारे अ‍ॅल्युमिनियमचे डॅम्परही आले. रिबाउंडचा एकच नॉब असलेला चांगला डॅम्पर आजही ट्रॅकवर पुरेसा ठरतो, त्याचं कारण या इतिहासात आहे. स्प्रिंगची उसळी आवरणं हेच डॅम्परचं मुख्य काम, आणि स्प्रिंग बदलली की सगळ्यात आधी तेच जुळवावं लागतं.

दुसरी अडचण होती फेसाची. जोरजोरात हलणाऱ्या तेलात हवा मिसळली की डॅम्पर पोकळ पडतो. क्रिस्तियां बुर्सिए द कार्बाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू ठेवून मध्ये तरंगता पिस्टन घातला. बिल्स्टाइन या जर्मन कंपनीने हे तत्त्व उचललं आणि १९५० च्या दशकाअखेरीस मर्सिडीज-बेंझसाठी असे मोनोट्यूब (एका नळीचे) डॅम्पर बनवले. नायट्रोजनचा दाब साधारण २० ते ३० बार असतो. मोनोट्यूबची नळी थेट हवेत असल्याने उष्णताही लवकर बाहेर पडते. वीस-वीस मिनिटांच्या ट्रॅक-सेशनमध्ये हा गुण कुठल्याही नॉबापेक्षा मोलाचा आहे. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे चाक डॅम्परच्याच आधाराने उभं राहतं अशा रचनेत मात्र डॅम्परलाच चाकाचा आडवा भार सोसावा लागतो. म्हणून बिल्स्टाइनने मोनोट्यूब उलटा बसवला, म्हणजे बारीक रॉडऐवजी जाड नळीच सरकते.

दुसरा आणि तिसरा नॉब चारचाकीपर्यंत कसा पोचला हे सांगताना मोटोक्रॉसच्या, म्हणजे खडबडीत मातीवरच्या मोटारसायकल-रेसच्या चिखलात जावं लागतं. १९७३ मध्ये यामाहाने बेल्जियन अभियंता ल्यूसियां टिल्कन्स याच्या कल्पनेवरून एकाच मागच्या शॉकअपची मोटारसायकल रेसमध्ये उतरवली. त्या दशकात चाकाची हालचाल खूप वाढली, तशी तेलाची भूक आणि उष्णताही वाढली. केंथ ओलिन हा स्वीडिश तरुण स्वतः मोटोक्रॉस पळवायचा. १९७६ मध्ये त्याने आपली कंपनी काढली आणि दोनच वर्षांत तिच्या शॉकअपवर गेन्नादी मोइसेयेव २५० सीसीचा विश्वविजेता झाला. डॅम्परला बाहेरून जोडलेली तेलाची डबी या जगात रुळली. दबताना तेल या डबीकडे जातं, त्या वाटेवर व्हॉल्व्ह बसवला की बंपसाठी नॉब आपोआप मिळतो. वाटेत दोन व्हॉल्व्ह ठेवले की लो-स्पीड आणि हाय-स्पीड असे दोन. इथला ‘स्पीड’ म्हणजे रॉडचा वेग, गाडीचा नव्हे. ताशी १८० ने लांबलचक वळण घेताना गाडी कलते ती लो-स्पीडची बाब, आणि ताशी ६० ने कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) चाक चढलं तर ती हाय-स्पीडची. हे नीट समजलेलं नसताना थ्री-वे घेणाऱ्याला दिवसभर क्लिक (नॉब फिरवतानाचे टप्पे) मोजत बसावं लागतं.

फॉर्म्युला वनने हा प्रवास आणखी वळवला. १९७८ मध्ये लोटस ७९ ने गाडीखालच्या हवेने जमिनीला चिकटण्याचं तंत्र जिंकवून दाखवलं, आणि जमिनीपासूनची उंची जराही हलू नये म्हणून स्प्रिंगा भयंकर कडक झाल्या. पुढे संगणकाने उंची सांभाळणारं सक्रिय सस्पेन्शन आलं: १९८७ मध्ये लोटसच्या गाडीत आयर्टन सेनाने मोनॅको आणि डेट्रॉइट जिंकलं, १९९२ मध्ये विल्यम्सने विजेतेपद. १९९४ पासून बंदी आली आणि हवा सांभाळण्याची जबाबदारी पुन्हा साध्या तेलाच्या डॅम्परवर पडली. चार नॉबांचं सस्पेन्शन शोभतं ते अशा गाड्यांना, जिथे प्रत्येक चाकावर सेन्सर असतो आणि आलेख वाचायला माणूस असतो.

हौशी माणसापर्यंत हे सगळं आलं ते आट्यांच्या नळीवरून. स्प्रिंगची बैठक आटे असलेल्या नळीवर वरखाली फिरवली की गाडीची उंची बदलते, आणि त्याहून कामाचं म्हणजे चारही चाकांवरचं वजन जुळवता येतं. जपानमध्ये १९८५ साली रॅलीतल्या दोघांनी टाइन सुरू केली, जर्मनीत १९९५ मध्ये केडब्ल्यू आली, आणि नव्वदच्या दशकात कॉइलओव्हर, म्हणजे आट्यांच्या नळीवर स्प्रिंग बसवलेला शॉकअप, घरोघरी पोचला. त्याच लाटेत तीस-बत्तीस क्लिकचे स्वस्त संचही आले. त्यांच्यातल्या बऱ्याच संचांत एकच नॉब बंप आणि रिबाउंड दोन्ही एकदम बदलतो, आणि डावा-उजवा डॅम्पर एकाच क्लिकवर सारखा वागेल याची खात्री नसते. डायनोवर (डॅम्परचा विरोध मोजणाऱ्या यंत्रावर) काढलेला आलेख सोबत देतात का, हे मी नॉबांच्या आधी विचारेन.

याच्या उलट दोन दाखले. अमेरिकेतल्या स्पेक मियाटा या लोकप्रिय वर्गात माझदा एमएक्स-५ वर्षानुवर्षं बिल्स्टाइनच्या न जुळवता येणाऱ्या डॅम्परवर पळल्या. स्प्रिंगची उंची मात्र आट्यांवर बदलता यायची. आणि २०१४ च्या शेव्हरोले कमारो झी/२८ ला, जी थेट ट्रॅक डोळ्यांपुढे ठेवून बनवली होती, मल्टिमॅटिक कंपनीचे स्पूल व्हॉल्व्हचे डॅम्पर होते. त्यात भोकाचा आकारच विरोधाचा आलेख ठरवतो. नॉब एकही नाही.

आपल्याकडे शॉकअपचा कारखानदारी इतिहास मुंबईतून सुरू होतो. गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुलुंडला उभी राहिली. ट्रॅक मात्र दूर. पुण्या-मुंबईच्या मंडळींना चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरचं कारी किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट गाठावं लागतं. नोंदणी असलेल्या गाडीला मूळ घडणीत मनमानी बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने करता येत नाहीत, म्हणून अशी गाडी ट्रेलरवरूनच न्यायची. कारी जेमतेम २.१ किलोमीटरचं, वळणामागून वळण, वजन सतत इकडून तिकडे. तिथे लो-स्पीड रिबाउंड नीट बसला की निम्मं काम झालं. बुद्ध ५.१ किलोमीटरचं, त्यात किलोमीटरभर सरळ पट्टा आणि त्याच्या शेवटी जबर ब्रेकिंग. तिथे बंपचा वेगळा नॉब असला तर नाक दबण्याचा वेग आवरता येतो. दोन्हीकडे जाणार असाल तर टू-वे आणि दर हंगामाला तेल-सील बदलून देणारा माणूस. एकाच ट्रॅकवर पळवणार असाल तर आपल्या स्प्रिंगप्रमाणे व्हॉल्व्ह बांधून घेतलेला वन-वे मोनोट्यूब, आणि उरलेल्या पैशांचे टायर.