शेवेचा डबा, सुईचं भोक आणि फोटो

इंदुरात उन्हाळी शिबिरातली मुलं शेवेच्या रिकाम्या डब्यातून फोटो काढून आणतात, तेव्हा घरच्यांना वाटतं ही यूट्यूबवरची नवी टूम. टूम मुळीच नवी नाही, आणि तिचे एक-दोन धागे आपल्या माळव्यात सापडतात.

अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून उजेड आला की समोर बाहेरचं दृश्य उलटं उमटतं, हे चीनमध्ये मोझी या तत्त्वज्ञाच्या पंथाने इसवी सनापूर्वीच नोंदवलं होतं. अकराव्या शतकात अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमने ग्रहणातली सूर्याची कोर अशाच छिद्रातून पाहून त्यामागची भूमिती मांडली. उज्जैनची वेधशाळा बांधणाऱ्या सवाई जयसिंगाने जयपुरात षष्ठांश यंत्र उभारलं. त्यात अंधाऱ्या खोलीत उंचावरच्या छिद्रातून भर दुपारी सूर्याची प्रतिमा अंशांच्या खुणा केलेल्या कमानीवर उतरते. म्हणजे ती खोली मोठा पिनहोल कॅमेराच, फक्त फोटो न ठेवणारा.

अडलं होतं ते इथेच. दिसायचं सगळं, टिकायचं काही नाही. १८३५च्या सुमारास इंग्लंडात टॅल्बटने चांदीच्या क्षारांचा कागद छोट्या लाकडी पेट्यांत ठेवून निगेटिव्ह (उजळ ते काळं, काळं ते उजळ असं चित्र) मिळवली, पण पेटीला भिंग लावूनच, कारण भिंग छिद्रापेक्षा कितीतरी जास्त उजेड आत घेतं. तिथून छिद्र मागे पडलं. इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करणारे लाला दीनदयाळ १८७४च्या आसपास फोटोग्राफीकडे वळले, तेव्हा कॅमेरा म्हणजे भिंग, तिकाटणं आणि काचेच्या प्लेटा असा जामानिमा झाला होता. १८९१ मध्ये इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने छिद्राच्या योग्य मापाचं गणित मांडलं. आजही शिक्षक तेच वापरतात: डब्याची खोली १० सेंटिमीटर असेल तर छिद्र साधारण ०.४ मिलिमीटरचं. मोठं झालं तर चित्र फिसकटतं; फार लहान झालं तरी उजेड कडांवरून पसरून ते पुसटच होतं.

घरच्या वस्तूंतून विज्ञान शिकवायची आपल्याकडची परंपरा मात्र अलीकडची. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यात विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. प्रयोगशाळेची वाट न पाहता हाताशी असेल त्यावर प्रयोग करायचा, हा त्याचा बाणा. पुढे तो मध्य प्रदेशातल्या इतर जिल्ह्यांतही पोचला. अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी याच वातावरणात घडली. एनसीईआरटीच्या सहावीच्या जुन्या पुस्तकातही पिनहोल कॅमेरा आला, पण ट्रेसिंग पेपरवर उलटं झाड बघण्यापुरताच. माझ्या मते तिथे अर्धाच धडा होतो. खरी शाळा डब्यात फोटोपेपर गेल्यावर सुरू होते.

डबा पत्र्याचा बरा. पातळ प्लॅस्टिकच्या झाकणातून उजेड झिरपतो आणि कागद काळा पडतो. आतून डबा काळा रंगवायचा. कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा कापून त्यावर सुईचं टोक फिरवत हलकेच दाबायचं आणि मागे आलेली खर बारीक पॉलिशपेपरने घासायची. इथे घाई केली की भोक फाटलंच. मग हा तुकडा डब्याला पाडलेल्या मोठ्या भोकावर चिकटवायचा. गोल डब्यात कागद वळलेला बसतो, म्हणून राजवाड्याच्या सरळ ओळी फोटोत धनुष्यासारख्या वाकतात. मुलांना हेच जास्त आवडतं. उन्हात उघडझाप साधारण एक-दोन मिनिटांची. तेवढ्या वेळात चौकातली चालती माणसं कागदावर येतच नाहीत, हातगाडी तेवढी राहते.

कागद लाल दिव्यात धुता येतो, कारण साध्या काळ्या-पांढऱ्या फोटोपेपरला लाल उजेड जवळजवळ दिसत नाही. अडचण आहे ती कागद मिळण्याची. डिजिटल आल्यावर स्टुडिओंच्या डार्करूम बंद पडल्या आणि पेपर, डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), हायपो (ते पक्कं करणारं) कोपऱ्यावर मिळेनासे झाले. त्यामुळे शिबिरांत आता एका पाकिटातल्या कागदाचे चार-चार तुकडे करतात. पॉझिटिव्हसाठी दुसरा कागद खर्ची घालत नाहीत. निगेटिव्हचा मोबाइलवर फोटो काढून रंग उलटे करतात.