ओस्त्रावा: खाणी बंद पडल्या आणि सहली सुरू झाल्या

चेक प्रजासत्ताकाच्या ईशान्य कोपऱ्यात, पोलंडच्या सीमेला खेटून मोराव्हिया-सायलेशिया हा प्रांत आहे. प्राग बघून परतणारे पर्यटक सहसा इकडे फिरकत नाहीत. चेक कुटुंबं मात्र सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन इथल्या ओस्त्रावा शहरात येतात आणि चक्क झोतभट्टीच्या, म्हणजे खनिजातून लोखंड वितळवणाऱ्या उंच भट्टीच्या, माथ्यावर चढतात, खाणीच्या पिंजऱ्यातून खाली उतरतात. तीसेक वर्षांपूर्वी याच जागांवर पाळ्या चालायच्या.

इथे दगडी कोळसा सापडला १७६३ साली. सुरुवातीला त्याचं फारसं कौतुक कुणाला नव्हतं, कारण जाळायला लाकूड मुबलक होतं. चक्र फिरलं ते लोखंडामुळे. ओलोमोउत्स शहराचे आर्चबिशप आर्चड्यूक रुडॉल्फ यांनी १८२८ मध्ये वीत्कोवित्से इथे लोखंडाचा कारखाना काढला. बीथोव्हनचे शिष्य आणि आश्रयदाते म्हणून संगीताच्या इतिहासात ज्यांचं नाव येतं, तेच हे रुडॉल्फ. १८३६ मध्ये इथे कोकवर, म्हणजे भाजून शुद्ध केलेल्या दगडी कोळशावर, चालणारी झोतभट्टी पेटली. पुढे व्हिएन्नाचे सावकार सालोमोन रॉथशिल्ड यांनी १८४३ मध्ये कारखाना विकत घेतला. व्हिएन्नाहून उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेतही त्यांचाच पैसा होता. रेल्वेला रूळ हवे होते, कारखान्याला कोळसा हवा होता, आणि दोन्हींची तिजोरी एकच. १८४७ मध्ये गाडी ओस्त्रावाला पोचली आणि बघता बघता खेड्याचं शहर झालं.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना सरकारजमा झाला. कम्युनिस्ट राजवटीने ओस्त्रावाला 'प्रजासत्ताकाचं पोलादी हृदय' अशी पदवी दिली. खाणकामगाराला पगार आणि मान भरपूर मिळे. हवेची, नदीची आणि जमिनीची पर्वा कुणी केली नाही. स्लेझ्का ओस्त्रावा भागातला जुना किल्ला खालच्या खोदकामामुळे जवळपास १६ मीटर खचला आहे. शेजारच्या कार्विनाजवळचं सेंट पीटरचं चर्च तर ३७ मीटर खाली गेलं आणि कललंही. हा किल्ला दुरुस्त होऊन २००४ पासून लोकांसाठी खुला आहे. मुलं तिथे बागडतात, पण आपण उभे आहोत ती जमीन कधीकाळी पाच मजले वर होती हे मोठ्यांनी त्यांना आवर्जून सांगावं.

१९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली, सरकारी टेकू गेला आणि खाणी एकेक करत बंद होऊ लागल्या. १९९४ मध्ये ओस्त्रावा शहराच्या हद्दीतला कोळसा उपसा थांबला. १९९८ च्या सप्टेंबरात वीत्कोवित्सेची शेवटची झोतभट्टी विझली. आता या अवाढव्य सांगाड्यांचं करायचं काय? शहराने याची तीन निरनिराळी उत्तरं दिली, आणि आजची संग्रहालयं त्यांतूनच उभी राहिली.

पहिलं उत्तर लांडेक टेकडीचं. पायथ्याच्या आन्सेल्म खाणीत १९९३ च्या ४ डिसेंबरला, म्हणजे खाणकामगारांची रक्षक मानल्या जाणाऱ्या सेंट बार्बराच्या सणाला, खाण संग्रहालय सुरू झालं. जुने खाणकामगार वाटाडे झाले. याच टेकडीवर १९५३ मध्ये लोहखनिजात कोरलेली, जेमतेम साडेचार सेंटिमीटरची, बिनडोक्याची एक स्त्रीमूर्ती सापडली होती. वय सुमारे २३ हजार वर्षं. तिथे राहणारे मॅमथचे शिकारी शेकोटीत दगडी कोळसा जाळत, याच्या खुणाही मिळाल्या आहेत. म्हणजे १७६३ चा शोध तसा उशिराचाच म्हणायचा.

दुसरं उत्तर मिखाल खाणीचं, आणि माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक. इथे काही सजवलं नाही. १९९३ मध्ये काम थांबलं तेव्हा जे जिथे होतं ते तिथेच ठेवलं. पाहुणा कामगाराच्याच वाटेने चालतो: हजेरी, कपडे बदलायची खोली, दिव्यांची खोली, मग यंत्रशाळा. कपडे बदलायच्या खोलीत कपाटं नाहीत. प्रत्येकाचे कपडे आकड्याला अडकवून साखळीने छताकडे ओढून घ्यायचे, म्हणजे ओले कपडे वरच्या ऊबदार हवेत वाळतात आणि खाली जागा मोकळी राहते. वर लोंबणारे ते सदरे बघताना लहान मुलं थोडी बिचकतात.

तिसरं उत्तर वीत्कोवित्सेचं, सगळ्यांत खर्चिक आणि सगळ्यांत गाजलेलं. ह्लुबिना खाण, कोक भट्ट्या आणि झोतभट्ट्या एकाच आवारात लागून असल्यामुळे कोळशापासून लोखंडापर्यंतची अख्खी साखळी इथे नजरेसमोर दिसते. तिच्यामुळेच हे सगळं मोडीत निघण्यापासून वाचलं. २००२ मध्ये परिसराला राष्ट्रीय सांस्कृतिक स्मारकाचा दर्जा मिळाला. मग १९२४ सालच्या गॅसच्या टाकीची आतली 'घंटा', म्हणजे वरखाली सरकणारं घुमटासारखं झाकण, वर उचलून वास्तुरचनाकार योसेफ प्लेस्कोट यांनी तिच्याखाली सभागृह बसवलं. 'गोंग' नावाने ते २०१२ मध्ये सुरू झालं. जुन्या वीजघराच्या इमारतीत मुलांसाठी विज्ञानाचं दालन आलं, २०१४ मध्ये त्याहून मोठं दुसरं. एका झोतभट्टीवर काचेचा मनोरा चढवून त्याला धावपटू उसेन बोल्टचं नाव दिलं. बोल्ट ओस्त्रावाच्या मैदानावर बरेचदा धावला आहे हे खरं, पण भट्टीला एखाद्या भट्टीवाल्याचं नाव शोभलं असतं.

याच प्रांतातल्या कोप्रझिव्नित्से गावाची गोष्ट जरा वेगळी, कारण तिथला कारखाना अजून चालू आहे. इग्नात्स शुस्ताला यांनी १८५० मध्ये घोडागाड्या बनवायला घेतल्या, त्यातून १८९७ ची 'प्रेझिडेंट' मोटार आली आणि पुढे टाट्रा ही मोटारी-ट्रक बनवणारी कंपनी. आपल्या सैन्याचं पिनाक अग्निबाण प्रक्षेपक ज्या ट्रकवर बसवलं, तो याच घराण्यातला. तिथल्या संग्रहालयांत मोटारी, ट्रक आणि १९३६ ची 'स्लोव्हेन्स्का स्त्रेला' ही लालभडक रेल्वेमोटार आहे. चालू कारखान्याने स्वतःचा इतिहास मांडला की तो साहजिकच जरा चकचकीत होतो. मुलांना मात्र इथून बाहेर काढणं अवघड जातं.