मॉडेलमधली मापं कुठून आली : शर्यतीच्या छोट्या गाड्यांची पार्श्वभूमी

लोटस ४९ ही १९६७ ची शर्यतीची गाडी. तिचं १/१२ मापाचं, नीट बांधलेलं मॉडेल हातात घेतलं की नजर आधी इंजिनाकडे जाते. आठ सिलिंडर, हवा ओढणारी आठ उघडी तोंडं, मागे वळत गेलेले एक्झॉस्टचे पाइप आणि त्यांच्या मधून गेलेल्या स्पार्क प्लगच्या वायरी. खऱ्या गाडीतली वायर ७ मिलिमीटर जाडीची धरली, तर मॉडेलमध्ये ती ०.५८ मिलिमीटरची हवी. १ मिलिमीटरची तार घातली तर जाणकाराला लगेच खटकतं. रंग कितीही चांगला दिला असला तरी गाडी खोटी दिसते.

गोव्यात असं काम करणारी मंडळी थोडी आहेत, पण मनापासून करणारी आहेत. त्यांचं काम पाहून लोक हाताच्या कौशल्याचं कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण या छंदाचा इतिहास पाहिला तर माझं मत असं होतं, की तपशील हातापेक्षा आधी मापातून आला. मूळ गाडीपर्यंत कोण पोचलं, तिला टेप लावायची संधी कोणाला मिळाली, यावर त्या त्या काळातलं मॉडेल किती खरं होणार हे ठरत गेलं.

सुरुवात खेळण्यांपासून झाली. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं १९३४ मध्ये डिंकी टॉइज हे नाव बाजारात आणलं. जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतून गाड्या बनत आणि त्यात मर्सिडीज, ऑटो युनियन अशा शर्यतीच्या गाड्याही होत्या. आकार ओळखू यायचा, पण आत काहीच नसायचं. शिवाय धातूत शिशाची भेसळ राहिली की काही वर्षांनी तो आतून तडकून भुगा व्हायचा आणि दमट हवेत हे लवकर व्हायचं. पुढे संग्राहकांत रुळलेलं १/४३ हे माप खेळण्यातल्या आगगाडीचं. ओ गेज नावाच्या मापाच्या त्या रेल्वेत खऱ्या एका फुटाला ७ मिलिमीटर धरत, त्यावरून ते आलं.

खरी बारीक मॉडेलं तेव्हा एकेकटे कारागीर बनवत. इंग्लंडचे जेराल्ड विनग्रोव्ह १/१५ मापात काम करायचे, तेही किट, म्हणजे जोडायला तयार सुट्या भागांची पेटी, न वापरता. धातूचा प्रत्येक भाग लेथवर आणि हातानं घडवायचा. अशी मॉडेलं संग्रहालयांत आणि श्रीमंतांच्या घरी जात, सामान्य हौशी माणसाला ती फोटोतच दिसत. इटलीत तुरिनच्या पोखेर कंपनीनं ती दरी थोडी बुजवली. त्यांनी १९०७ च्या फियाट ग्रांप्री गाडीचं १/८ मापाचं किट काढलं. त्या वर्षी दिएपला फेलिचे नाझारोनं फ्रेंच ग्रांप्री जिंकली ती हीच गाडी. पुढे त्यांच्या अल्फा रोमिओच्या किटमध्ये चाकाची एकेक तार हातानं ओवावी लागे. असं किट बांधणारा माणूस गाडी कशी जोडलेली असते हे शिकूनच उठायचा.

हे काम हजारो घरांत नेलं ते जपाननं. शिझुओका शहरात १९४६ मध्ये तामिया नावाची लाकडाची वखार सुरू झाली. लाकडाची मॉडेलं बनवता बनवता १९६० मध्ये त्यांनी यामातो युद्धनौकेचं पहिलं प्लास्टिक किट काढलं. ते चाललं नाही. प्रतिस्पर्धी कंपनीनं त्याच नौकेचं किट त्यांच्याहून स्वस्तात विकलं. रणगाड्यांच्या किटांनी कंपनी सावरली आणि तिथेच संस्थापकांचे चिरंजीव शुनसाकु तामिया यांची पद्धत पक्की झाली. पुस्तकातल्या चित्रावर विसंबायचं नाही, मूळ वस्तूसमोर उभं राहायचं. अमेरिकेतल्या अॅबरडीनच्या लष्करी संग्रहात जाऊन त्यांनी रणगाड्यांचे सर्व बाजूंनी फोटो काढले.

१९६७ मध्ये कंपनीनं होंडा आरए२७३ ही फॉर्म्युला वन गाडी १/१२ मापात काढली. तीन लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, सस्पेन्शनचे, म्हणजे चाकं गाडीला तोलून धरणारे दांडे, सगळं उघडं दिसणारं. पाठोपाठ लोटस ४९ आली. शर्यतीच्या गाडीचं मोठं प्लास्टिक किट म्हणजे काय, हे या दोन पेट्यांनी ठरवलं.

पोर्शे ९३४ ची गोष्ट तर या छंदातल्या प्रत्येकानं वाचावी अशी आहे. फोटो आणि मापं घेण्यासाठी शुनसाकु तामिया जर्मनीला गेले, तरी काही भाग कळेनात. शेवटी त्यांनी एक पोर्शे ९११ विकत घेतली आणि सुटी करून पाहिली. १९७६ मध्ये निघालेल्या या किटचा खर्च वसूल करायचा म्हणून तीच बॉडी मोटर घातलेल्या रिमोटच्या गाडीवर चढवली आणि तिथून कंपनीचा रिमोट गाड्यांचा मोठा धंदा उभा राहिला.

लोटस ४९ वर थोडं थांबायला हवं. ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधल्या झांडफूर्टला ती पहिल्यांदा उतरली आणि जिम क्लार्कनं ती शर्यत जिंकली. तिच्या कॉसवर्थ डीएफव्ही इंजिनामागे चौकट नव्हतीच. इंजिन थेट चालकामागच्या भिंतीला बोल्टनं जोडलेलं आणि मागचं सस्पेन्शन इंजिनाला व गिअरबॉक्सला टांगलेलं. मॉडेलमध्येही तसंच करावं लागतं. इंजिनाचे दोन अर्धे चिकटवताना जरा तिरके बसले, तर शेवटी एक मागचं चाक टेबलाला टेकत नाही. म्हणून हे अर्धे सपाट काचेवर काटकोनात धरून सुकवतात. चूक रंगकामाच्या कितीतरी आधी झालेली असते आणि ती पुट्टीनं झाकता येत नाही.

पुढच्याच वर्षी लोटसनं हिरवा रंग सोडून गोल्ड लीफ सिगारेटचा लाल, पांढरा आणि सोनेरी रंग घेतला. नंतरची कित्येक वर्षं शर्यतीच्या गाड्या तंबाखूच्या पैशावर पळाल्या. भारतात तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालणारा २००३ चा कायदा आला, युरोपात २००५ पासून अशा जाहिरातींवर बंदी आली आणि नव्यानं निघणाऱ्या किटांतून सिगारेटची नावं गळली. रंगाचे पट्टे मिळतात, अक्षरं वेगळीकडून आणावी लागतात. तंबाखूची जाहिरात बंद झाली हे उत्तमच झालं, तरी जुन्या गाडीचं मॉडेल करताना ती अक्षरं असावीत असं मला वाटतं. १९६८ ची गाडी १९६८ सारखीच दिसली पाहिजे.

काही गाड्या तर पाहायलाच उरल्या नाहीत. जर्मनीतल्या झ्विकाऊच्या कारखान्यातल्या ऑटो युनियनच्या गाड्या १९४५ नंतर सोव्हिएत युनियननं नेल्या. त्यामुळे त्या घराण्याच्या गाड्यांसाठी जुने कृष्णधवल फोटो हाच मोठा आधार आहे आणि चंदेरी रंगाची नेमकी छटा कोणती यावर आजही वाद चालतो. याउलट जी गाडी शाबूत आहे तिचं आता लेसर स्कॅन होतं. अॅसिडनं कोरलेले पितळी पत्र्याचे भाग, रेझीन, थ्रीडी प्रिंटिंग हे सगळं मापं हाती आल्यावरचं.

गोव्याची वाट यात वेगळी आहे. १९५८ ते १९६० या तीन वर्षांत पोर्तुगालमध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती झाल्या. पहिल्या वर्षी पोर्तोच्या बोआविष्टा रस्त्यांवर स्टर्लिंग मॉसनं व्हॅनवॉल गाडी चालवून विजय मिळवला. गोवा तेव्हा पोर्तुगालच्याच ताब्यात होता. भारतानं नाकेबंदी केली होती, पण परदेशी माल बंदरातून येत होता आणि मर्सिडीज टॅक्स्या पणजी-मडगावच्या रस्त्यांवर मुक्तीनंतरही वर्षानुवर्षं दिसत होत्या. डिसेंबर १९६१ नंतर भारताचे आयातीचे नियम इथेही लागू झाले. खेळण्यातल्या गाड्यांच्या बाबतीत देशाला डिंकीचे जुने साचे मिळाले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते कलकत्त्याला आले आणि निकी टॉइज या नावानं गाड्या बनू लागल्या. जाड रंग, बोथट कडा, पण मुलांच्या हाती धातूची गाडी आली. जपानी किट मात्र परदेशातून, नाहीतर जहाजावर नोकरीला असलेल्या घरच्या माणसाकडूनच यायचं.

हात मात्र इथे तयार होतेच. दिवाळीआधी वाड्यावाड्यांवर नरकासुर उभा करणारी पोरं वेल्डिंग करतात, मोटर बसवतात, मान फिरवायची यंत्रणा स्वतः जुळवतात. शिगम्याच्या चित्ररथांचंही तेच. अशा मुलापुढे लोटसचं सस्पेन्शन ठेवलं तर तो बिचकत नाही.

हवा मात्र सांभाळून घ्यावी लागते. पावसाळ्यात लॅकर मारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि काळ्या किंवा गडद हिरव्या रंगावर पांढुरकं सावट येतं. थिनरमध्ये सावकाश उडणारा रिटार्डर मिसळला तर बरंच निभावतं. तरी बहुतेकजण जून ते सप्टेंबर इंजिन, चाकं, आतलं काम करतात आणि बॉडीचा शेवटचा हात चवथ आटोपल्यावर, हवा कोरडी झाली की देतात.

खरी अडचण पैशाची आहे. सीमाशुल्काच्या वर्गवारीत अशी मॉडेलं खेळण्यांच्याच गटात येतात. त्या गटावरचं शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. देशातल्या खेळण्यांच्या कारखान्यांना आधार मिळावा हा हेतू मला पटतो. पण १/१२ मापाचं इंजिन जोडायला देणारं किट हे लहान मुलाचं खेळणं नव्हे आणि त्याला पर्याय म्हणून देशात तसं काही बनतही नाही. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या किंवा एखाद्या आयटीआयमधल्या मुलाला चौकटीविना उभं राहिलेलं डीएफव्ही इंजिन स्वतःच्या हातानं जोडून पाहायचं असेल, तर त्याच्यासाठी या किटांचा वेगळा, कमी शुल्काचा गट करायला हवा.