स्कूबा डायव्हिंगमधील अपघात आणि पृष्ठभागावरील सुरक्षा

दाबाखाली भरलेल्या हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली वावरताना, आणि त्याच्या आधी व नंतर पाण्याच्या पृष्ठभागावर असताना, पाणबुड्याच्या जिवावर बेतणाऱ्या घटनांना स्कूबा अपघात म्हणतात. भीती वाटते ती खोलीची, त्यामुळे प्रशिक्षणात आणि गप्पांतही बोलणे खोलीचेच चालते. पण बिघाडाची सुरुवात खाली झाली तरी माणूस वाचणार की नाही याचा निकाल पुष्कळदा वर लागतो. डोके पाण्याबाहेर आलेले असते, हवा नाकासमोर असते आणि तरीही माणूस बुडतो.

श्वासागणिक गरजेपुरतीच हवा देणारा आधुनिक रेग्युलेटर झाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये तयार केला. त्यानंतर बुडी मारणे हे नौदलाचे आणि गोदीतल्या कामगारांचेच काम राहिले नाही. तो हौशी लोकांचा छंद झाला आणि अपघातांचे स्वरूपही बदलले. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातील ९४७ मृत्यूंची छाननी करून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या प्रकरणांत घटनेची सुरुवात कशाने झाली हे ठरवता आले, त्यांपैकी ४१ टक्क्यांत हवा कमी पडली होती, २० टक्क्यांत पाणबुडा कुठेतरी अडकला होता आणि १५ टक्क्यांत साधनांची अडचण होती. शरीराला प्रत्यक्ष इजा कशामुळे झाली ते पाहता गुदमरणे ३३ टक्के, धमन्यांत हवेचे बुडबुडे शिरणे २९ टक्के आणि हृदयविकार २६ टक्के असा हिशेब लागला. या मोठ्या कारणांत शार्क शोधूनही सापडणार नाही.

हवा कमी पडते ती बहुधा हिशेब न केल्याने. १२ लिटरच्या टाकीत २०० बार (बार हे दाब मोजण्याचे एकक) दाबाने साधारण २,४०० लिटर हवा असते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर वापरणाऱ्याला ती दोन तास पुरेल. ३० मीटर खाली दाब चौपट असल्याने अर्ध्या तासात संपेल, आणि धाप लागली तर त्याहूनही लवकर. हवा संपण्याचा दुसरा परिणाम मात्र अनेकांच्या लक्षातच येत नाही. पाणबुड्याला तरंगवणारे फुगते जॅकेट, म्हणजे बीसीडी, बटण दाबल्यावर याच टाकीतून भरते. टाकी रिकामी झाली की श्वास थांबतो आणि बटणही निकामी होते. घाईघाईने वर आलेला माणूस सवयीने बटण दाबत राहतो, जॅकेट फुगत नाही आणि खाली जाता यावे म्हणून कमरेला बांधलेली शिशाची वजने त्याला पुन्हा खाली ओढतात.

यावर दोन उपाय आहेत: तोंडाने फुंकून जॅकेट भरणे, नाहीतर वजने सोडून देणे. दुसरा उपाय पहिल्यापेक्षा खात्रीचा, कारण फुंकायला छातीत दम लागतो आणि तोच उरलेला नसतो. पट्ट्याचे किंवा कप्प्यांचे बक्कल एका हाताने झटक्यात सुटेल असेच बनवलेले असते. तरीही मृतांच्या अंगावर वजने जशीच्या तशी सापडणे ही अपघातांच्या तपासात वारंवार दिसणारी गोष्ट आहे. वजने टाकली की नुकसान होईल, लोक हसतील, कदाचित त्यांची गरजच पडणार नाही, असे विचार त्या क्षणी मनात येत असावेत. शिवाय हाताला सवय नसते. म्हणून पट्टा सोडण्याचा सराव उथळ पाण्यात पुन्हा पुन्हा करतात. वर येताच आधी तरंगण्याची सोय आणि मग बाकी सगळे, अगदी जोडीदाराशी बोलणेसुद्धा, हा क्रम अंगवळणी पडायला हवा.

मुळात वजनच जास्त घेतलेले असते, हीही एक जुनी खोड. खाली जाता येत नाही म्हणून नवशिका दोन किलो वाढवतो. खरे तर त्याच्या छातीत हवा भरून राहिलेली असते. नीट श्वास सोडला असता तर तो आपोआप खाली गेला असता. योग्य वजनाची चाचणी सोपी आहे. जॅकेट रिकामे करून, साधा श्वास घेऊन उभे तरंगल्यावर पाण्याची रेषा डोळ्यांपाशी यावी. ही चाचणी शक्यतो बुडीच्या शेवटी, जवळपास रिकाम्या टाकीने करतात, कारण २०० वरून ५० बारपर्यंत आलेल्या त्याच टाकीतून दोन किलोहून थोडी अधिक वजनाची हवा निघून गेलेली असते.

वर येण्याचा वेग हा अपघाताचा दुसरा मोठा धागा. समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरील हवेच्या दाबाएवढा, वाढतो. ३० वरून २० मीटरवर येताना एक लिटर हवा १.३३ लिटर होते. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना मात्र तीच एक लिटर हवा दोन लिटर होते. म्हणजे शेवटचा टप्पा, जिथे उजेड दिसू लागल्याने माणूस निर्धास्त होतो, तोच फुप्फुसांना सर्वांत जड जातो. भरल्या छातीने श्वास रोखून सव्वा मीटर वर आले तरी फुप्फुस फाटू शकते. तसे अपघात पोहण्याच्या तलावातही झाले आहेत. फाटलेल्या जागेतून हवा रक्तात शिरून मेंदूकडे गेली तर वर आल्यावर काही मिनिटांतच शुद्ध हरपते. त्यामुळे श्वास कधीही रोखायचा नाही, मिनिटाला ९ मीटरपेक्षा जलद चढायचे नाही आणि ५ मीटरवर सुमारे तीन मिनिटे थांबायचे, ही हौशी पाणबुड्यांची सर्वमान्य रीत आहे.

पृष्ठभागावर घबराट पसरते ती लाटांमुळे. खाली शांतता असते. वर आल्यावर तोंडावर पाणी आपटते, घोट जातो, खोकला येतो. अशा वेळी माणूस मास्क कपाळावर सरकवतो आणि रेग्युलेटर थुंकून टाकतो, म्हणजे नेमकी पाणी अडवणारी दोन्ही साधने काढून टाकतो. म्हणूनच अनुभवी लोक कपाळावरचा मास्क हीच संकटाची खूण मानतात, आणि आरामात असतानाही तो गळ्यात उतरवायला सांगतात. होडीवर किंवा शिडीवर घट्ट पकड बसेपर्यंत मास्क चेहऱ्यावर आणि रेग्युलेटर वा स्नॉर्केल तोंडात ठेवावा. हात हलवण्याबाबतही एक संकेत आहे: हात हलवणे म्हणजे मदतीची हाक. सारे ठीक असल्यास हाताचे टोक डोक्यावर टेकवून मोठा गोल करून दाखवतात. होडीवरच्या मित्राला गंमतीने हात हलवून अभिवादन करणारा नवशिका बचावाची धावपळ सुरू करून देतो.

घाबरलेल्याच्या समोरून जाणे धोक्याचे असते. तो जे हाती लागेल त्यावर चढू पाहतो. आधी दोर किंवा तरंगती वस्तू त्याच्याकडे ढकलावी. तेवढ्याने भागत नसेल तर मागून जाऊन टाकी धरावी, त्याचे जॅकेट फुगवावे, वजने सोडावीत. खोकला, धाप आणि फेसाळ किंवा गुलाबी थुंकी दिसली तर ती घबराट समजून सोडून देऊ नये. गार पाण्यात, विशेषतः रक्तदाब असलेल्यांच्या फुप्फुसांत पाणी साठते तेव्हा हीच लक्षणे दिसतात. अशा माणसाला ताबडतोब पाण्याबाहेर काढून बसते करतात आणि ऑक्सिजन देतात.

होडीपासून दूर वाहून जाणे ही पृष्ठभागावरची सर्वांत एकाकी आपत्ती. दोनशे मीटरवरून पाण्यावर दिसते ते फक्त एक डोके, आणि मीटरभर लाटांत तेही अर्धा वेळ दिसत नाही. २५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवर एका अमेरिकन दांपत्याला समुद्रातच सोडून होडी परतली. त्यांचे सामान होडीवरच आहे हे दोन दिवसांनी लक्षात आले. ते दोघे सापडलेच नाहीत. माणसे मोजण्याच्या पद्धतीत त्यानंतर क्वीन्सलंडमध्ये कडक बदल झाले. जून २००८ मध्ये इंडोनेशियातील कोमोडो परिसरात प्रवाहाने ओढलेले पाच युरोपीय पाणबुडे रिंका बेटावर जाऊन पोहोचले आणि दोन दिवसांनी जिवंत सापडले. फेब्रुवारी २०१४ मध्ये बालीजवळ सात जपानी महिला बेपत्ता झाल्या. त्यांतील पाच वाचल्या.

अशा वेळी उपयोगी पडणारी साधने खिशात मावतात. सर्वांत मोलाचा असतो तो नारिंगी किंवा पिवळा फुगता नळीसारखा फुगा, पाण्याखालूनच हवा भरून दोरीने वर सोडण्याचा. उभा फुगा लाटेच्या माथ्यावरून दिसतो. वर सोडताना दोरीची रीळ स्वतःच्या जॅकेटला अडकवू नये. ती गुंतली तर फुगा माणसालाच वेगाने वर खेचतो. शिट्टी, छोटा आरसा आणि अंधारासाठी दिवा हे त्याचे सोबती. प्रवाह होडीपासून दूर नेत असेल तर त्याच्याविरुद्ध हातपाय मारून दमण्यापेक्षा जोडीदाराला धरून, तरंगत राहून खूण करीत राहावे. भर प्रवाहात होडीच्या मागे तरंगता दोर सोडलेला असतो, त्याला धरून राहता येते.

जवळून जाणाऱ्या दुसऱ्या होड्या हा निराळा धोका. लाल कापडावर पांढरी तिरपी पट्टी असलेला झेंडा म्हणजे इथे खाली माणसे आहेत. आंतरराष्ट्रीय जलवाहतुकीत यासाठी पांढरा-निळा, टोकाला खाच असलेला अल्फा झेंडा वापरतात. झेंड्याने इंजिन आपोआप थांबत नाही, म्हणून वर येताना शेवटचे काही मीटर हात उंचावून, गोल फिरत वर पाहत यायचे असते. शिडीपाशी आल्यावर इंजिनाचे पाते थांबले आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढे सरकू नये. वर चढणाऱ्याच्या खाली थांबण्याची चूक तर कोणीही करू नये. टाकीसकट माणूस निसटला तर दुखापत खालच्याला होते.

होडीवर पोहोचल्यावर सगळे आटोपले असे नसते. २ सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ नांगरलेल्या ‘कन्सेप्शन’ या पाणबुड्यांच्या होडीला रात्री आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेले ३४ जण मृत्यू पावले. रात्रीचा पहारेकरी नव्हता.

पाण्यातून बाहेर आल्यानंतर सांधे दुखणे, मुंग्या येणे, अंगावर चट्टे उठणे, अति थकवा किंवा तोल जाणे दिसू लागले तर तो डिकम्प्रेशन सिकनेस असू शकतो. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो म्हणून हे होते, हे पॉल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवले. टप्प्याटप्प्याने वर येण्याची पद्धत जॉन हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये शेळ्यांवर प्रयोग करून मांडली. अमेरिकी नौदलाच्या नोंदींनुसार ९८ टक्के रुग्णांत लक्षणे २४ तासांच्या आत येतात. ‘जरा कमरेत लचक भरली’ असे म्हणत दुर्लक्ष करणारे पुष्कळ असतात. प्रथमोपचार असा: सपाट झोपवावे, शुद्ध ऑक्सिजन द्यावा, शुद्धीवर असेल तर पाणी पाजावे आणि दाबकक्ष असलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. त्याला पुन्हा पाण्यात उतरवून दाब देण्याचा घरगुती उपाय करू नये. बुडालेल्याचा श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावेत. छातीवरचे दाब पाण्यात असताना परिणामकारक होत नाहीत, त्यासाठी कठीण पृष्ठभाग लागतो. एकाच साध्या बुडीनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त बुड्या किंवा सलग दिवसांच्या बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा.